पहिलं घर घेताय? मग फ्लॅट बघायला नेमकी कधी सुरुवात करायची?

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळी. हे सण जवळ आले की मोबाईलवर आणि वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर घरांच्या जाहिराती झळकू लागतात. 'आजच बुक करा', 'मॉड्युलर किचन मोफत', 'शेवटचे काही फ्लॅट शिल्लक'. मग रविवारी दुपारी घरातलं कुणीतरी म्हणतं, "चला, नुसतं बघून तर येऊ."

नुसतं बघायला गेलेले बरेच जण टोकन देऊन परत येतात. आणि मग घरी आल्यावर हिशोब सुरू होतो. कर्ज किती मिळेल? मुद्रांक शुल्काचे पैसे कुठून आणायचे? भाडं आणि हप्ता दोन्ही एकदम झेपेल का?

याच्या उलटही घडतं. भाडेकरार संपायला महिना उरतो, घरमालक भाडं वाढवतो आणि वैतागून 'आता स्वतःचंच घर घेऊ' असं ठरतं. मग चार आठवड्यांत जे दिसेल ते पसंत करावं लागतं.

फार लवकर बघायला गेलं तरी पंचाईत आणि फार उशिरा गेलं तरी पंचाईत. मग घर बघायला सुरुवात करण्याची योग्य वेळ कोणती? महाराष्ट्रातले नियम, खर्च आणि बँकांची पद्धत लक्षात घेऊन समजून घेऊया.

थोडक्यात उत्तर काय?

तयार घर घ्यायचं असेल, तर राहायला जायच्या साधारण सहा महिने आधी फ्लॅट आतून बघायला सुरुवात करा. पण त्याआधी दोन गोष्टी हातात हव्यात: स्वतःच्या वाट्याची पूर्ण रक्कम आणि बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र.

परिसर मात्र याच्या बराच आधी बघायला लागा. त्यासाठी ना एजंट लागतो, ना टोकन.

म्हणजे 'घर बघणं' हे एकच काम नाही. त्याचे तीन टप्पे आहेत: परिसर बघणं, दर बघणं आणि फ्लॅट बघणं. पहिले दोन टप्पे वर्षभर आधी सुरू करता येतात. तिसरा टप्पा सगळ्यात शेवटी. बहुतेकांची गडबड होते ती तिसऱ्यापासून सुरुवात केल्यामुळे.

आधी हिशोब: ६० लाखांच्या घरासाठी खिशात किती हवेत?

'८० टक्के कर्ज मिळतं, म्हणजे २० टक्के आपले' असं अनेकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देऊ शकते. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ही मर्यादा ८० टक्के आहे, तर ७५ लाखांच्या वर ७५ टक्के. आणि सर्वसाधारणपणे या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च धरला जात नाही. तो तुम्हालाच करावा लागतो.

समजा, पुणे महापालिका हद्दीत ६० लाखांचा रिसेल फ्लॅट घ्यायचा आहे. बँकेने पूर्ण ८० टक्के म्हणजे ४८ लाख कर्ज दिलं, तरी तुमच्याकडे एवढे पैसे हवेत:

• स्वतःचा वाटा, २० टक्के: १२,००,००० रुपये
• मुद्रांक शुल्क, ७ टक्के: ४,२०,००० रुपये
• नोंदणी शुल्क: ३०,००० रुपये
• एजंटची दलाली, १ टक्का धरून: ६०,००० रुपये
• सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य, महापालिका क्षेत्रात जास्तीत जास्त: २५,००० रुपये
• बँकेची प्रक्रिया फी, वकील, मूल्यांकन वगैरे अंदाजे: ३५,००० रुपये

बेरीज होते १७ लाख ७० हजार. त्यात सामान हलवणं, पंखे, खिडक्यांच्या जाळ्या, किरकोळ रंगकाम धरलं की १८ लाखांच्या पुढेच आकडा जातो. म्हणजे २० टक्के नाही, प्रत्यक्षात ३० टक्के.

मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के आहे. पुणे, ठाणे, नागपूर या शहरांत ७ टक्के. घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्याच नावावर घेतलं तर १ टक्का सवलत मिळते. वरच्या उदाहरणात हे थेट ६० हजार रुपये आहेत. पण नवरा-बायको दोघांच्या नावावर घर असेल तर ही सवलत मिळत नाही. त्यामुळे घर कुणाच्या नावावर घ्यायचं, हा निर्णय फ्लॅट बघायच्या आधीच झालेला बरा.

बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात घर घेतलं तर यात जीएसटी वाढतो. तो ५ टक्के आहे, म्हणजे ६० लाखांवर आणखी ३ लाख. घराची किंमत ४५ लाखांपर्यंत असेल आणि कार्पेट क्षेत्र महानगरांत ६० चौरस मीटरपर्यंत, इतरत्र ९० चौरस मीटरपर्यंत असेल, तर परवडणारं घर म्हणून तो १ टक्काच लागतो. इमारतीला पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला मिळाल्यानंतर घर घेतलं तर जीएसटी लागत नाही.

आणखी एक नियम अनेकांना ऐनवेळी कळतो. घराची किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर विक्रेत्याला पैसे देताना खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून सरकारजमा करायचा असतो. हा वेगळा खर्च नाही, विक्रेत्याच्या रकमेतूनच तो जातो. पण भरायची जबाबदारी तुमची.

मग घर बघायला कधी निघायचं?

जवळ ११ लाख आहेत आणि महिन्याला ४० हजार बाजूला पडतात, असं समजा. १८ लाखांपर्यंत पोहोचायला अजून साधारण दीड वर्ष लागेल. अशा वेळी आज सॅम्पल फ्लॅट बघून काय होईल? जो फ्लॅट आवडेल तो दीड वर्षाने असेलच असं नाही. त्याचा दरही तोच नसेल. उलट तो डोक्यात बसल्यामुळे पैशांची कमतरता वैयक्तिक कर्जाने, उसनवारीने किंवा आई-वडिलांच्या ठेवी मोडून भरून काढायचा मोह होतो.

त्यामुळे पहिली कसोटी सोपी आहे. वरच्या यादीतली पूर्ण रक्कम तुमच्याकडे आहे का, किंवा पुढच्या तीन-चार महिन्यांत नक्की येणार आहे का? 'नक्की' म्हणजे मुदत संपणारी ठेव. 'कदाचित मिळेल' असा बोनस किंवा गावाकडची जमीन विकून येणारे पैसे यात धरू नका.

आणि ही रक्कम देऊन झाल्यावरही पाच-सहा महिन्यांचा घरखर्च शिल्लक राहायला हवा. सगळी बचत घरात घातली आणि दुसऱ्याच महिन्यात नोकरी गेली, तर हप्ता थांबत नाही.

दुसरी कसोटी: हप्त्याची रंगीत तालीम

४८ लाखांचं कर्ज, २० वर्षं मुदत आणि साडेआठ टक्के व्याज धरलं, तर महिन्याचा हप्ता सुमारे ४१,६५० रुपये येतो. २० वर्षांत मिळून जवळपास १ कोटी रुपये फेडले जातात. बँका साधारणपणे सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या ४० ते ५० टक्क्यांपर्यंत असावेत असं बघतात. म्हणजे या कर्जासाठी घरात दरमहा एक लाखाच्या आसपास उत्पन्न हवं. गाडीचा किंवा मोबाईलचा हप्ता चालू असेल तर त्याहून जास्त.

पण बँक जेवढं कर्ज देते तेवढं तुम्हाला झेपेलच असं नाही. ते तपासायचा एक घरगुती उपाय आहे.

आता तुम्ही १८ हजार रुपये भाडं भरता असं समजा. नव्या घराचा हप्ता ४१,६५० आणि सोसायटीचा मेंटेनन्स ३ हजार, असे ४४,६५० रुपये लागणार आहेत. फरक आहे २६,६५० रुपयांचा. ही रक्कम पगार झाल्या दिवशी वेगळ्या खात्यात टाका आणि सहा महिने तिला हात लावू नका. त्या सहा महिन्यांत एखादं लग्न येईल, सण येईल, दवाखाना होईल. तरीही खात्यातले १ लाख ५९ हजार ९०० रुपये शाबूत राहिले, तर तुम्ही या घरासाठी तयार आहात. दोनदा पैसे काढावे लागले, तर बजेट ६० लाखांचं नाही, त्याहून कमीचं आहे. घर बघायच्या आधीच ते कळलं, हे चांगलंच.

सिबिल स्कोअर किमान सहा महिने आधी का बघायचा?

क्रेडिट स्कोअर ३०० ते ९०० यांच्या दरम्यान असतो. सर्वसाधारणपणे ७५० च्या वर स्कोअर असेल तर कर्ज सोपं जातं आणि व्याजदरही बरा मिळतो. देशातल्या चारही क्रेडिट ब्युरोंकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो.

अहवालात कधी कधी न घेतलेलं कर्ज दिसतं. कधी बंद केलेलं क्रेडिट कार्ड अजून चालू दिसतं, तर कधी फेडलेल्या कर्जापुढे थकबाकीचा शेरा असतो. याची तक्रार करता येते आणि ती ३० दिवसांत सोडवली नाही, तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागेल असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण चूक दुरुस्त होणं आणि स्कोअर सुधारणं यात काही महिने जातात. टोकन दिल्यावर ही चूक सापडली तर तेवढा वेळ विक्रेता थांबत नाही.

याच काळात नवा फोन हप्त्यावर घेणं, नवं क्रेडिट कार्ड काढणं, एकदम चार-पाच बँकांत कर्जाचे अर्ज करणं टाळा. नवी नोकरी नुकतीच लागली असेल आणि अजून प्रोबेशनवर असाल, तर कायम झाल्यावरच अर्ज केलेला बरा.

मंजुरीचं पत्र आधी, फ्लॅट नंतर

घर ठरायच्या आधीही बँक तुमचं उत्पन्न आणि स्कोअर बघून कर्जाची रक्कम मंजूर करून देते. त्याला सँक्शन लेटर म्हणतात. हे पत्र हातात असलं की तुमचं खरं बजेट कळतं. विक्रेत्याशी घासाघीस करतानाही त्याचा उपयोग होतो, कारण पैसे वेळेवर येतील याची त्याला खात्री वाटते.

मात्र हे पत्र कायमचं नसतं. त्याची मुदत बँकेनुसार बदलते, साधारण तीन ते सहा महिन्यांची असते. त्यामुळे ते वर्षभर आधी काढून ठेवण्यात अर्थ नाही. फ्लॅट बघायला निघायच्या अगदी आधी ते घ्या.

आणि हे पत्र म्हणजे त्या विशिष्ट घरासाठीची मंजुरी नव्हे. घर ठरल्यावर बँक त्याची कागदपत्रं आणि मूल्यांकन पुन्हा तपासते. त्यात घर नापास झालं तर कर्ज मिळत नाही.

सहा महिन्यांचा हिशोब कसा बसतो?

रिसेल किंवा तयार घर बघायला, निवडायला आणि भाव ठरवायला नोकरी सांभाळून दोन-तीन महिने सहज जातात. घर ठरल्यावर कागदपत्रांची तपासणी, करारनाम्याची नोंदणी, बँकेची कायदेशीर आणि तांत्रिक पाहणी, कर्जवाटप आणि ताबा यात आणखी दोन-तीन महिने लागतात. विक्रेत्याचं स्वतःचं कर्ज चालू असेल, तर ते फेडून त्याच्या बँकेकडून मूळ कागद सोडवायला आणखी वेळ जातो.

आता हे महाराष्ट्रातल्या ऋतूंच्या आणि शाळांच्या वेळापत्रकावर बसवून बघा. समजा, जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी नव्या घरात जायचं आहे. तर उलटं मोजायचं:

• आदल्या वर्षीचा पावसाळा, जून ते सप्टेंबर: परिसर बघा. पाणी कुठे तुंबतं, इमारतींच्या भिंतींना ओल कुठे येते, रस्त्याची काय अवस्था होते, हे फक्त याच दिवसांत दिसतं.
• ऑगस्ट-सप्टेंबर: क्रेडिट अहवाल काढा, चुका दुरुस्त करायला द्या. हप्त्याची तालीम सुरू असू द्या.
• दिवाळीनंतर, नोव्हेंबर-डिसेंबर: दोन-तीन बँकांत चौकशी करून एका बँकेचं मंजुरीपत्र घ्या.
• डिसेंबर ते फेब्रुवारी: फ्लॅट आतून बघा.
• फेब्रुवारी-मार्च: कागद तपासा, करारनामा करा, नोंदणी करा.
• एप्रिल-मे: कर्जवाटप, ताबा आणि सामान हलवणं.

मार्चचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यातल्या जास्त असलेल्या रकमेवर आकारलं जातं. या सरकारी दरांना आपण रेडी रेकनर म्हणतो आणि त्यात बदल झाला तर तो सहसा १ एप्रिलपासून लागू होतो. त्यामुळे मार्चच्या शेवटी नोंदणी कार्यालयांत गर्दी असते. शेवटच्या आठवड्यावर काम ढकलू नका.

भाड्याने राहत असाल तर लिव्ह अँड लायसन्स कराराची तारीखही बघा. बहुतेक करार ११ महिन्यांचे असतात. घर बघायला सुरुवात करताना करार संपत असेल, तर मालकाशी बोलून लॉक-इनची अट शक्य तितकी कमी ठेवा. नाहीतर नव्या घराचा हप्ता आणि जुन्या घराचं भाडं एकदम भरावं लागेल.

परिसर कसा बघायचा?

यासाठी एकही अपॉइंटमेंट लागत नाही. सोमवारी सकाळी साडेआठला त्या भागातून तुमच्या ऑफिसला जाऊन बघा. रात्री नऊला परत या. रविवारी सगळे रस्ते मोकळे असतात आणि साइट व्हिजिट नेमकी रविवारीच ठेवली जाते.

किराणा दुकानदार, रिक्षावाले आणि सोसायटीचे वॉचमन यांच्याशी बोला. पाणी किती वेळ येतं? टँकर येतो का, दिवसाला किती? हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या वाढत्या उपनगरांत फार मोलाचा आहे, कारण टँकरचा खर्च शेवटी तुमच्या मेंटेनन्समध्येच येतो.

शक्य असेल तर त्या भागात आधी वर्षभर भाड्याने राहून बघा. हप्ता २० वर्षांचा असतो, त्या मानाने हे वर्ष फार नाही.

खरे दर कुठे कळतात?

वेबसाइटवर दिसतो तो विक्रेत्याने मागितलेला भाव. प्रत्यक्षात व्यवहार कितीला झाला, हे नोंदणीच्या सूची क्रमांक दोनमध्ये म्हणजे इंडेक्स टूमध्ये असतं. राज्याच्या नोंदणी आणि मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर 'ई-सर्च' सुविधेतून आधी नोंदवलेले दस्त शोधता येतात. ज्या इमारतीवर तुमचा डोळा आहे, तिथले अलीकडचे दोन-चार व्यवहार बघितले की भाव करताना तुम्ही अंदाजाने बोलत नाही.

नव्या प्रकल्पांसाठी महारेराची वेबसाइट आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त भूखंड आणि आठपेक्षा जास्त घरं असलेल्या प्रकल्पाला नोंदणी सक्तीची आहे. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही द्यावा लागतो. तो स्कॅन केला की ताब्याची तारीख, ती आधी वाढवली होती का, मंजूर नकाशे, किती घरं विकली गेली आणि जमिनीवर कर्ज किंवा खटला आहे का, हे घरबसल्या दिसतं.

पण महारेरा क्रमांक आहे म्हणजे सगळं ठीक, असं मानू नका. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून ६५ इमारतींसाठी महारेरा नोंदणी मिळवल्याचं उघड झालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचे आदेश दिले. तिथे आयुष्याची कमाई घातलेली कुटुंबं होती. म्हणून बांधकाम परवानगी खरी आहे का, हे महापालिकेकडून पडताळून घ्या आणि टोकनच्या आधी स्वतःचा वकील नेमा. चार-पाच हजार वाचवायला बिल्डरच्याच वकिलावर विसंबू नका.

बांधकाम सुरू असलेलं घर असेल तर?

इथे वेळापत्रक बदलतं. राहायला जायच्या दोन-तीन वर्षं आधीच घर बघावं लागतं. आणि 'पैसे हळूहळू द्यायचे असतात, त्यामुळे आत्ता जास्त बचत नसली तरी चालेल' असं इथे हमखास सांगितलं जातं.

ते पूर्ण खरं नाही. बँक सहसा तुमचा वाटा आधी भरायला लावते आणि मगच कर्जाचे पैसे सोडते. महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कही करारनाम्याच्या वेळीच भरावं लागतं, ताब्याच्या वेळी नाही. नमुना करारनाम्यानुसार करार झाल्यावर एकूण किमतीच्या ३० टक्क्यांपर्यंत आणि जोत्याचं काम झाल्यावर ४५ टक्क्यांपर्यंत रक्कम मागता येते. म्हणजे तुमची स्वतःची रक्कम पहिल्या काही महिन्यांतच संपते.

शिवाय ताबा मिळेपर्यंत भाडं सुरूच राहतं. बँकेने २० लाख दिले असतील, तर साडेआठ टक्क्यांनी महिन्याला सुमारे १४,१६७ रुपये नुसतं व्याज जातं. १८ हजार भाडं धरून झाले ३२ हजार. ताबा वर्षभर लांबला तर हे ओझंही वर्षभर लांबतं. रेरा कायद्यानुसार उशीर झाल्यास व्याज किंवा व्याजासह परतावा मागता येतो, पण त्यासाठी तक्रार करून थांबावं लागतं.

म्हणून अशा घरांसाठीही नियम तोच: स्वतःचा वाटा, मुद्रांक शुल्क आणि जीएसटी जमल्यावरच साइटवर जा.

म्हाडा आणि सरकारी योजना

म्हाडाच्या सोडतीत क्रम उलटा असतो. तिथे आधी कागद, मग घर. आधार, पॅन, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा पुरावा यांची पडताळणी नोंदणी करतानाच होते. जाहिरात निघाल्यावर अधिवास प्रमाणपत्रासाठी धावपळ करण्यापेक्षा ही नोंदणी आधीच करून ठेवा. घर लागल्यावर ठरावीक मुदतीत पैसे भरावे लागतात, त्यामुळे बचतीचा नियम इथेही सुटत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजना-शहरी २.० मध्ये व्याज अनुदानाचा भाग आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल, तर हप्त्याहप्त्याने एकूण १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकतं. देशात कुठेही पक्कं घर नावावर नसावं, ही अट आहे. तुम्ही यात बसत असाल तर बजेट ३५ लाखांच्या आत ठेवायचं का, हे बघायला निघण्याआधी ठरवा.

आणि तरीही 'नुसतं बघायला' जायचं असेल तर?

जा. सॅम्पल फ्लॅट बघितल्याने खोल्यांच्या आकाराचा अंदाज येतो. फक्त काही गोष्टी पाळा.

चेकबुक घरी ठेवा आणि यूपीआयवरूनही पैसे देऊ नका. 'आज टोकन दिलं तरच हा दर' असं सांगितलं तर दर लेखी मागा आणि निघा. सॅम्पल फ्लॅटमध्ये फर्निचर मुद्दाम लहान आकाराचं केलेलं असू शकतं, म्हणून मोजपट्टी न्या आणि कार्पेट क्षेत्रच विचारा.

टोकन द्यायची वेळ आलीच, तर हे लक्षात असू द्या. नव्या प्रकल्पात नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. महारेराच्या २०२२ च्या नमुना वाटपपत्रानुसार पहिल्या १५ दिवसांत बुकिंग रद्द केलं तर काहीच कापलं जात नाही. त्यानंतर किमतीच्या १ टक्क्यापासून ६१ दिवसांनंतर २ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. ६० लाखांच्या घरात २ टक्के म्हणजे १ लाख २० हजार. म्हणून वाटपपत्र याच नमुन्यातलं आहे का ते वाचा.

रिसेलमध्ये असं संरक्षण नसतं. तिथे टोकनच्या पावतीवरच लिहून घ्या: कर्ज नाकारलं गेलं किंवा कागदांत दोष निघाला, तर ठरलेल्या दिवसांत पूर्ण टोकन परत. विक्रेता हे लिहून द्यायला तयार नसेल, तर दुसरं घर बघा.

निघण्याआधी स्वतःला विचारायचे पाच प्रश्न

१. स्वतःचा वाटा, मुद्रांक शुल्क आणि बाकी खर्च मिळून पूर्ण रक्कम तयार आहे का?
२. ती दिल्यावर पाच-सहा महिन्यांचा खर्च उरतो का?
३. हप्त्याची तालीम सहा महिने जमली का?
४. बँकेचं मंजुरीपत्र हातात आहे का, आणि त्याची मुदत कधी संपते?
५. पुढची पाच-सात वर्षं याच शहरात राहायचं नक्की आहे का?

पाचही उत्तरं 'हो' असतील, तर पाडव्याची वाट बघू नका. श्रावणात जा, पितृपक्षात जा. गर्दी कमी असते आणि समोरचा बोलायला जास्त तयार असतो.

एखादं उत्तर 'नाही' असेल, तर येता रविवार परिसर फिरण्यात घालवा. मुहूर्ताची ऑफर पुढच्या सणाला पुन्हा येते. घाईत दिलेलं टोकन मात्र परत येईलच असं नाही.